भाडं विचारू नका, ताटाचा भाव काढा
शहापूर-मुरबाडकडे हिवाळ्यात लग्न करायचं, तर जागा कशी निवडावी आणि खर्च कसा मोजावा

पुतणीच्या लग्नासाठी आम्ही लॉन्स बघायला गेलो ते भर दुपारी. हिरवळ ताजी, कारंजं चालू, मॅनेजर गोड. भाडं ९० हजार सांगितलं आणि दादाने तिथेच आगाऊ रक्कम दिली. लग्न होतं डिसेंबरात, गोरज मुहूर्तावर. अक्षता पडून लोक जेवायला वळले तोवर खुर्च्यांची पांढरी कव्हरं दवाने ओली झाली होती. म्हातारी माणसं रुमाल अंथरून बसली आणि बुंदी वाढेपर्यंत भात गार झाला. रात्री अकराला पुतणी निघाली, तेव्हा दादा मात्र लॉन्सच्या ऑफिसात वही बघत उभा होता. डिझेलचे १४ हजार, विजेचे साडेसहा हजार, साफसफाईचे ५ हजार, बाहेरचा केटरर आणला म्हणून ‘रॉयल्टी’ १५ हजार आणि एक तास जास्त झाला म्हणून ८ हजार. ९० हजारांचं भाडं १ लाख ३८ हजार ५०० वर गेलं. लेकीची पाठवणी दादाला धड बघताच आली नाही.

यातली एकही रक्कम आम्ही आधी विचारली नव्हती, हाही आमचाच दोष. म्हणून हा लेख. त्याचं सांगणं एवढंच की, जागेचं भाडं हा लग्नाच्या खर्चाचा फक्त पहिला आकडा असतो. जागा स्वस्त की महाग, हे सगळा खर्च जेवणाऱ्या माणसांत वाटून एका ताटामागे किती पडतो, यावरच ठरतं.

आधी तारीख

हिवाळ्यातली लग्नसराई तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होते, पण दरवर्षी ती सारखी लांब नसते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले. दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि तुळशीविवाह २१ नोव्हेंबरपासून. डिसेंबरच्या मध्यावर धनुर्मास लागतो, आणि तो टाळणारी, पौषात कार्य नको म्हणणारी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांना माघ उजाडेपर्यंत, म्हणजे ७ फेब्रुवारी २०२७ पर्यंत थांबावं लागेल. थोडक्यात, डिसेंबरच्या मध्यापर्यंत जेमतेम साडेतीन आठवडे हाती आहेत. त्यातले शनिवार-रविवार आणि भटजींनी काढलेले मुहूर्त जुळवले की एकाच तारखेवर दहा घरं येतात. भाव तिथे चढतो.

यातून वाट तीन प्रकारांनी निघते. आठवड्यातला मधला दिवस घ्या. त्या दिवशी लॉन्सवाला घासाघीस ऐकून घेतो. पौषाचं बंधन मानत नसाल तर जानेवारी घ्या. अनेक पंचांगांत आता पौषातलेही मुहूर्त छापलेले असतात. आणि तिसरी वाट मला सगळ्यात पटते, ती म्हणजे दुपारचा मुहूर्त. मे महिन्यात साडेबाराच्या उन्हात वऱ्हाड बसवणं जिवावर येतं. डिसेंबरात तेच ऊन हवंसं वाटतं. रोषणाई वाचते, जनरेटर कमी चालतो, दव पडायच्या आत पंगती उठतात आणि मुंबईकडचे पाहुणे उजेडात घरी पोचतात.

मुरबाडकडचं कार्य असेल तर आणखी एक तारीख बघून ठेवा. पौष पौर्णिमेला म्हसोबाची म्हसा यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं आणि रस्त्याला मुंगीची रांग. २०२७ मध्ये ही पौर्णिमा २२ जानेवारीला आहे. त्या दिवसांत म्हशाच्या रस्त्यावरची जागा घेतलीत, तर नवरदेवाची गाडी यात्रेकरूंच्या मागे उभी राहील.

मग माणसं

“हजारेक धरा” हा आकडा नव्हे. तीन याद्या करा: घरची आणि सोयरी, गावकी-भावकी, आणि नोकरी-धंद्यातली ओळखीची. हळदीला जेवणारे आणि लग्नाला जेवणारे वेगळे मोजा. आपल्याकडे आगरी-कुणबी घरांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी होते. मटणाचं जेवण, बेंजो किंवा डीजे, सगळा गाव. हळद घरच्या अंगणात आणि लग्न लॉन्सवर असेल, तर मांडव दोनदा, जनरेटर दोनदा आणि पाण्याचा टँकरही दोनदा. हळदीचा हिशेब वेगळ्या पानावर लिहा, नाहीतर तो लग्नाच्या खर्चात लपतो.

जागा चार तऱ्हेच्या

*घरचा किंवा शेतावरचा मांडव.* भातकापणी झाली, झोडणी उरकली की शेतं मोकळी होतात, म्हणून ही सोय खास हिवाळ्याची. उंबराची फांदी आणून मुहूर्तमेढ मातीत रोवता येते. हॉलच्या टाइल्सवर ती मातीने भरलेल्या डब्यात उभी करावी लागते. मात्र शेत निवडताना खाली बघा. भाताची धसकटं पायाला टोचतात, वाल पेरलेला असेल तर ते खाचर सोडावं लागतं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काही खाचरं आतून ओलीच असतात. गाडी रुतली की ट्रॅक्टर शोधावा लागतो.

*समाजमंदिर, देवळाचं सभागृह, शाळेचं मैदान.* भाडं सगळ्यात कमी. परवानगी तोंडी घेऊ नका. ग्रामपंचायत, देवस्थान किंवा शाळा, ज्यांची जागा त्यांची पावती घ्या. शाळेचं मैदान सुट्टीच्याच दिवशी मिळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आत झाडून द्यावं लागतं.

*लॉन्स आणि मंगल कार्यालयं.* मुंबई-नाशिक महामार्ग आणि कल्याण-मुरबाड रस्ता या दोन्हींच्या कडेला ती मिळतात. सोय मोठी, पण दोन धोके. लॉन्स म्हणजे उघडं आकाश, हे हिवाळ्यात विसरू नका. आणि महामार्गालगत पार्किंग नसेल तर पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर लागतात. अंधारात रस्ता ओलांडणारी आजी हा त्या जागेचा खरा धोका आहे.

*फार्महाऊस किंवा रिसॉर्ट.* दोन-अडीचशे माणसांचं, मुक्कामाचं लग्न असेल तर परवडतं. इथे भाडं खोल्यांवर असतं. खोलीत किती माणसं, चहा-नाश्ता धरलेला आहे का, बाहेरचं जेवण चालतं का, हे विचारा. शेजारी वस्ती असेल तर आवाजावरून रात्री वाद होतात, तेही विचारा.

आता हिशेब

खालचे आकडे मी हिशेब दाखवायला धरले आहेत. तुम्हाला मिळालेले भाव त्यांच्या जागी घाला. पद्धत तीच ठेवा. जेवणारी माणसं ८००.

लॉन्स:
– भाडं (मंडप, स्टेज, खुर्च्या धरून) १,२०,०००; त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००
– डिझेल आणि वीज १२,०००
– साफसफाई, राखण ८,०००
– फुलांची सजावट ५०,०००
– जेवण ३०० रुपये ताट, २,४०,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी १२,०००
– वऱ्हाडाच्या ३ बस, ४२,०००
– एकूण ५,०५,६००. ताटामागे ६३२ रुपये.

शेतावरचा मांडव:
– मंडप, स्टेज, बिछायत, खुर्च्या, लाइट १,१०,०००
– जागा सपाट करणं, वाट काढणं ८,०००
– जनरेटर आणि डिझेल २२,०००
– पाण्याचे २ टँकर आणि पिण्याचे ८० जार, ७,२००
– फिरती शौचालयं ६, १८,०००
– जेवण, शिधा घरचा आणि आचारी मजुरीवर, २०० रुपये ताट, १,६०,०००
– सजावट २०,०००
– ३ बस, ४२,०००
– साफसफाई, राखण ८,०००
– एकूण ३,९५,२००. ताटामागे ४९४ रुपये.

फरक १ लाख १० हजार ४०० चा. शेतावरचं लग्न स्वस्त पडलं, पण त्यात घरच्या माणसांचे दहा-बारा दिवस मोजलेले नाहीत. शिधा भरणं, भांडी आणणं, वाढपी जमवणं, टँकरवाल्याच्या मागे लागणं, हे करायला घरात चार तरुण हात असतील तर लाख रुपये खरंच वाचतात. दोघंच म्हातारे आई-बाप असतील तर ते लाख लॉन्सवाल्याला दिलेले बरे.

आता याच लॉन्सवर ३०० माणसं बसवून बघा. भाडं, डिझेल, साफसफाई, सजावट हे २,११,६०० तसेच राहतात. जेवणाचे जीएसटी धरून ९४,५०० आणि दोन बसचे २८,०००. एकूण ३,३४,१००, म्हणजे ताटामागे १,११४ रुपये. माणसं निम्म्याहून कमी झाली, खर्च मात्र एक तृतीयांशच उतरला. ‘घरगुती लग्न’ करायचं ठरवून मोठी जागा घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. आधी माणसं, मग जागा. हा क्रम उलटला की मोकळ्या खुर्च्यांचं भाडं भरावं लागतं.

थंडी, पाऊस, पाणी, वीज

लॉन्स बघायला दुपारी जाऊ नका. तुमचा मुहूर्त ज्या वेळेला, त्याच वेळेला जा. रात्री आठला हिरवळीवर पाच मिनिटं अनवाणी उभे राहा, दव किती पडतं ते पायाला कळेल. जेवणाच्या जागेवर तरी वरून छत हवंच. नवरा-नवरीची खोली बंद, दाराला कडी असलेली आणि गरम पाण्याची हवी. ‘हिवाळा आहे, पाऊस कुठला’ असं म्हणू नका. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला मुंबई-ठाण्यात असा पाऊस झाला की कापडी मंडपांची चाळण झाली असती. मंडपवाल्याशी बोलताना ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कागदावर लिहून घ्या.

शेकोटी लावायची असेल तर पेंढ्याची उडवी कुठे आहे ते आधी बघा. आचाऱ्याची चूल आणि गॅस मांडवाच्या कापडापासून आणि उडवीपासून चांगली दूर, वारा ठिणग्या तिकडे नेणार नाही अशा अंगाला असावी. केटररकडे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर हवेत. घरगुती लाल सिलिंडर कार्यात वापरणं बेकायदा आहे. वाळूच्या दोन बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडं एवढं तरी हाताशी ठेवा.

पाण्याची गंमत आपल्याला सांगायला नको. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा आणि मोडक सागर ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावंही याच तालुक्यात. डिसेंबरात विहिरींना पाणी असतं, फेब्रुवारीच्या शेवटी चित्र बदलू लागतं. माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर “बोअर आहे” एवढ्यावर समाधान मानू नका. बोअर किती वेळ सलग चालते, टाकी किती लिटरची, पाणी प्यायचं की वापरायचं, हे विचारा. एका माणसाला पिण्यापुरतं दोन लिटर धरलं तर ८०० माणसांना १,६०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे ८० जार. वरचा आकडा असा आला.

विजेचं तात्पुरतं कनेक्शन महावितरणकडे अर्ज करून घ्या. आकडा टाकणं ही वीजचोरी आहे, आणि मांडवात शॉक लागला तर जबाबदारी यजमानावर येते. जनरेटर घेताना दोन गोष्टी लिहून घ्या: भाड्यात किती तास धरलेत, आणि डिझेल कोणाचं. दादाला हेच १४ हजार नडले.

वऱ्हाड पोचणार कसं

पाहुणे मुंबई-ठाण्याचे जास्त असतील तर टिटवाळा, वासिंद, आसनगाव हा रेल्वेचा पट्टा सोयीचा. आसनगाव स्टेशन सीएसएमटीपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आणि शहापूर गाव तिथून जवळ. पण कसारा मार्गावर गाड्या कल्याणच्या मानाने विरळ. पत्रिकेवर मुहूर्ताखाली परतीच्या दोन लोकलच्या वेळा छापा. पाहुणे दुवा देतील. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून पुढे एसटी, जीप किंवा तुमची बस. म्हणजे मुरबाडची जागा दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळाली तरी तो फायदा बसच्या भाड्यात जातो का, हे तपासा.

बससाठी शहापूर किंवा मुरबाड आगारात ‘प्रासंगिक करार’ विचारा. एसटी किलोमीटरवर पैसे घेते, पावती देते आणि आगाऊ रक्कम भरावी लागते. मग खासगी बसचा भाव घ्या आणि दोन्ही ताडून बघा. टोल, पार्किंग, चालकाचं जेवण आणि रात्री थांबण्याचे पैसे दोघांकडे वेगळे विचारा. गोरज मुहूर्त असेल तर महामार्गावरच्या कोंडीसाठी एक तास जादा धरा. वऱ्हाड अडकलं की मुहूर्त, जेवण आणि लॉन्सचे तास, तिन्ही पुढे सरकतात. दादाचा ‘एक तास जास्त’ असाच झाला होता.

कागदावर काय हवं

तोंडी ठरलेलं लग्नाच्या रात्री कोणाला आठवत नाही. साध्या कागदावर दोघांच्या सह्या पुरतात, पण त्यात हे हवंच:

– तारीख, ताबा मिळण्याची आणि सोडण्याची वेळ, जास्तीच्या तासाचा दर.
– भाड्यात काय धरलंय: खुर्च्या, टेबलं, स्टेज, खोल्या, पाणी, वीज, साफसफाई.
– बाहेरचा केटरर किंवा मंडपवाला आणला तर ‘रॉयल्टी’ किती.
– डिपॉझिट किती, कधी परत, मोडतोड कशी मोजणार.
– तारीख बदलली किंवा घरात सुतक आलं तर किती रक्कम परत.
– वीज गेली, पाणी संपलं तर काय सोय.
– जेवणाच्या ताटांची मोजणी कोण आणि कशी करणार.

जीएसटीचं थोडं नीट बघा. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के, साध्या केटरिंगवर ५ टक्के. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही. म्हणून बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला असेल तरच तो कर द्या. “बिल नको असेल तर कर नाही” हा सल्ला गोड वाटतो, पण बिल नसेल तर उद्या तक्रार कशाच्या जोरावर करणार? एकाच कार्यासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे. मुरबाड तालुक्यातलं धसई तर डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून गाजलं होतं. आगाऊ रक्कम मोबाइलवरून द्यायला आपल्याला अवघड नाही. तारखेसह नोंद आपोआप राहते.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. डीजेवाल्याला बारापर्यंतचे पैसे देण्याआधी हे लक्षात घ्या. आणि कार्यालयवाल्याने वधू-वरांचे जन्मदाखले मागितले तर रागावू नका. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल, तर २००६ च्या कायद्याखाली लग्न लावणाऱ्यालाही शिक्षा होते. तो स्वतःला सांभाळतोय, तुम्हालाही सांभाळतोय.

फसगत झालीच तर

कबूल केलेली सेवा दिली नाही, डिपॉझिट दाबून ठेवलं, तर आधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्याच्या पाहुण्याने शहापुरात लग्न केलं तरी त्याला इथे खेपा घालाव्या लागत नाहीत. पुरावा म्हणून करार, पावत्या, मोबाइलवरचे संदेश आणि त्या रात्री काढलेले फोटो जपा.

शेवटी एक काम

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हिशेबासाठी एक माणूस नेमा. तो मुलीचा बाप, भाऊ किंवा मामा नको. त्यांना मांडवात कामं असतात. शेजारचा, हिशेबाचा पक्का, कमी भावुक असा कोणी बघा. करार, वही आणि ठरलेले पैसे त्याच्या हाती द्या. जनरेटर किती वाजता सुरू झाला, ताटं किती लागली, मीटरचा आकडा काय, हे तो लिहील. मॅनेजर वही घेऊन आला की त्याच्याकडे बोट दाखवा.

पुढच्या वर्षी धाकट्या पुतणीचं लग्न आहे. हे काम मी मागून घेतलंय. दादाला तेवढा वेळ मांडवात मिळायला हवा.